घराजवळ झेडपीची शाळा आहे म्हणून आरटीईचा अर्ज करायचा नाही? कुणी सांगितलं?

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा. त्यातून खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरच्या लेकरांना बिनफी मिळतात. परवा उदगीरहून ताईचा फोन आला. "दादा, आमच्या गल्लीत झेडपीची शाळा हाय, मग आपल्या लेकराचा नंबर लागतच नाही म्हणं. फारम भरून काय करू?" अर्जाला तीन दिवस उरले होते. हे कुणी सांगितलं असं विचारल्यावर तिनं मेसेज पाठवला. तोच मेसेज महिनाभर माझ्या तीन ग्रुपवर फिरायलाय. "आरटीईचे नवीन नियम, प्रत्येक पालकाने वाचा" असं वर लिहिलेलं, खाली सहा मुद्दे, आणि पाठवणारे सगळे शिकलेले.

पहिलाच मुद्दा सगळ्यात घातक आहे: "एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेत आरटीईतून प्रवेश नाही." यात तथ्य होतं, तेही तीनेक महिन्यांपुरतं. राज्य सरकारनं ९ फेब्रुवारी २०२४ ला तशी अधिसूचना काढली होती. सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत असलेल्या विनाअनुदानित शाळांना २५ टक्के जागा देण्यातून सूट मिळाली. मराठवाड्यात याचा अर्थ काय होतो ते बघा. आपल्याकडं झेडपीची नाहीतर अनुदानित शाळा कुठं नाही? तालुक्याच्या गावातल्या जवळपास सगळ्याच इंग्रजी शाळा यातून सुटल्या असत्या.

पालक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं ६ मे २०२४ ला अधिसूचनेला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला ती रद्दच केली. कारण सरळ आहे. २५ टक्के जागांचं बंधन संसदेनं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घातलंय, कलम १२ मध्ये. कायद्यानं लेकराला दिलेलं राज्य सरकार नियम बदलून काढून घेऊ शकत नाही. पुढं ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही या निकालात हात घातला नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं फेब्रुवारीची बातमी घेतली आणि जुलैची सोडली. तो मेसेज वाचून कितीजणींनी फॉर्मच भरला नसेल, याचा विचार आला की राग आवरत नाही.

"सगळ्यांनाच एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो." चूक. ती अट आर्थिक दुर्बल घटकासाठी आहे. एससी, एसटी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), दिव्यांग, अनाथ ही लेकरं वंचित गटात येतात, त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ताई ओबीसीत मोडते. जातीचा दाखला घरात पेटीत पडून होता, आणि ही दोन दिवस तहसीलला चकरा मारत होती!

"शाळा मुलाखत घेऊन निवडते." कलम १३ मध्ये लेकराची किंवा आईबापाची चाचणी घ्यायला मनाई आहे. पहिल्यांदा घेतली तर २५ हजारांपर्यंत दंड, पुढं प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. नाव ऑनलाइन सोडतीत निघतं, कागद पडताळणी समिती बघते. निवड शाळेच्या हातात नाही. अर्जालाही पैसे नाहीत. नेट कॅफेवाला फॉर्म भरून द्यायचे घेतो, ती त्याची मजुरी.

"आरटीईच्या लेकरांना वेगळं बसवतात." नियमात याला मनाई आहे. तरी कुठं होत असेल तर शिक्षण विभागाकडं लेखी तक्रार करा, घाबरून अर्ज सोडू नका.

आता जे खरं आहे ते मानावं लागतं. "आठवीनंतर फी भरावी लागते," हे खरंय. हा कायदा आठवीपर्यंतच आहे. "सरकार शाळांचे पैसे थकवतं," हेही खरंय. एका लेकरामागं वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये शाळेला मिळायचे असतात, आणि ते वेळेवर येत नाहीत ही शाळांची ओरड काही खोटी नाही. पण ते भांडण शाळेनं सरकारशी करावं. ते सहा वर्षांच्या पोरावर कशाला काढायचं? अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हे २५ टक्के लागू नाहीत, हेही ध्यानात असू द्या. यादी बघूनच शाळा टाका.

आणि सोडतीत नाव नाही आलं तर लेकरू घरी बसत नाही. मी स्वतः झेडपीच्या शाळेत शिकलो. तिथं सोडत नाही, फी नाही, आणि वर्षात कधीही गेलं तरी प्रवेश नाकारता येत नाही. पण ती शाळा आपल्याला आधार म्हणून आहे. तिच्या नावावर दुसरं दार बंद करायचा हक्क कुणाला नाही.

ताईचा अर्ज त्याच रात्री भरला. चार शाळा टाकल्या. पहिली तिच्या घरापासून आठशे मीटरवर आहे, आणि झेडपीची शाळा त्याच रस्त्यावर, तिच्या अलीकडं.