डॅशबोर्डवरचे 48 अंश

गाडीच्या डॅशबोर्डवर 48, शेजारी बातमीतला 43, आणि खाली मजकूर : ‘हवामान खातं खरा आकडा दाबतं. तापमान सावलीत मोजतात, 50 च्या वर जाऊच देत नाहीत. जानेवारीत 20 होतं, आज 40, म्हणजे उष्णता दुप्पट!’ कैऱ्या बाजारात आल्या की हा मेसेजही येतो.

आधी ते ‘दुप्पट’ निकालात काढू. हेच आकडे फॅरनहाइटमध्ये 68 आणि 104 होतात. दुप्पट कुठे गेलं? सेल्सिअसचं शून्य ही पाणी गोठण्याची खूण आहे, उष्णता संपल्याची नव्हे. (खुद्द सेल्सिअसने 1742 मध्ये उकळत्या पाण्याला 0 आणि गोठणाऱ्याला 100 दिले होते. त्या पट्टीवर उन्हाळ्यात पारा ‘उतरला’ असता!) केल्विन पट्टीचं शून्य मात्र खरोखर तळाचं. तिच्यावर 20 आणि 40 अंश म्हणजे 293 चे 313 होतात, म्हणजे जेमतेम सात टक्के वाढ.

सावलीत मोजतात, हे खरंच आहे. पण का? भर दुपारी अंगणात स्टीलची वाटी आणि लाकडी पाट ठेवा. हवा तीच, पण वाटीला हात लावता येणार नाही. तापमापकही एक वस्तूच. तो स्वतःचं तापमान सांगतो. उन्हात ठेवला तर त्याची काच, रंग, आकार यांवर आकडा ठरेल आणि दोन गावांची तुलनाच करता येणार नाही. म्हणून तो जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या, झडपांच्या स्टीव्हन्सन पेटीत ठेवतात. ऊन आत येत नाही, वारा खेळतो. गाडीचा सेन्सर सहसा पुढच्या बंपरजवळ असतो : खाली तापलेलं डांबर, मागे इंजिन. सिग्नलला थांबलात की आकडा चढलाच.

उन्हात राबणाऱ्याला काय सोसावं लागतं, हे पेटीतला आकडा सांगत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यासाठी काळ्या गोळ्यातला आणि ओल्या फडक्याचा तापमापक वापरून वेगळा निर्देशांक काढतात.

आणि 50 च्या वर जाऊ देत नाहीत? राजस्थानात फलोदीला 19 मे 2016 रोजी 51 अंश नोंदले गेले, ते याच खात्याने जाहीर केले. उलट मे 2024 मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने 56 दाखवले, तेव्हा सेन्सर बिघडल्याचं खात्याने सांगितलं. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा जागतिक विक्रमच 56.7 आहे. नागपूरकर उन्हाचे कितीही पक्के असोत, शेजारची केंद्रं त्या दिवशी बरीच खाली होती.