कुळथाच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

"कुळथाने रक्तगट ओळखणं म्हणजे आजीबाईचा बटवा, अर्धवट माहितीवर लोकांनी लिहू नये," असं तुम्ही लिहिलंत. मतभेद समजू शकते, पण 'अर्धवट' कशासाठी? रावपुऱ्यातल्या आमच्या घरी असं कोणी बोललं तर वडील पानावरून उठवत.

एक चूक मात्र खरी. 1888 साली श्टिलमार्क या संशोधकाने 'लेक्टिन' (पेशींवरची ठरावीक साखर धरून त्यांना चिकटवणारं प्रथिन) शोधलं, असं मी लिहिलं होतं. एरंडाच्या बियांतल्या रायसिनने रक्तपेशी एकमेकींना चिकटतात, हे त्यांनी डोर्पाटला (आजचं एस्टोनियातलं तार्तू) दाखवलं, पण नाव त्यांचं नाही. 'लेक्टिन' हे नाव बॉइड आणि शॅप्ली यांनी 1954 मध्ये दिलं, 'निवडणे' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तुमचा बटवा. वडोदऱ्यातल्या एका रक्तपेढीत मी 22 वर्षं टेक्निशियन होते. कुळीथ दळायचं, सलाइनमध्ये भिजवायचं, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घ्यायचं. ए गटाचे दोन मुख्य उपप्रकार, ए-1 आणि ए-2. ते पाणी दाट वापरलं तर ए-2 पेशीही चिकटतात. म्हणून विरळ करत करत अशा टप्प्यावर आणायचं की ए-1 चे गठ्ठे व्हावेत आणि ए-2 सुट्या राहाव्यात. ए गटाच्या पेशींवर टोकाला जी साखर असते, तीच कुळथातलं लेक्टिन धरतं. ए-2 वर ती कमी असते. कुळथाच्या अर्काने ए गटाच्या पेशी चिकटतात, हे बर्ड या संशोधकाने 1951 मध्ये 'करंट सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात मांडलं. आजही ए-1 तपासायला विकत मिळणारं द्रावण बहुतेकदा कुळथाचंच असतं.

एका रात्री एका बाईंचा गट जुळेना. पेशी म्हणत ए, आणि सीरम (पेशी काढून उरलेलं रक्तातलं पाणी) मात्र ए पेशींनाच चिकटवत होतं, जे ए गटात व्हायला नको. कुळथाच्या अर्काने पेशी सुट्याच राहिल्या, तेव्हा कळलं: गट ए-2, आणि सीरममध्ये ए-1 विरुद्धची अँटिबॉडी. पुढचं रक्त त्यावरून निवडलं. अशा रात्री तुम्ही कधी मायक्रोस्कोपपाशी उभे राहिला आहात?

कच्च्या राजम्याच्या विषारीपणाचं तुम्ही लिहिलंत, ते बरोबर आहे; तेही लेक्टिनमुळेच. भिजवून नीट उकळावा लागतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. लेख रक्ताचा होता, स्वयंपाकाचा नव्हता.

पुढच्या वेळी नाव घालून लिहा.