तुरटीचा खडा हौदात टाकण्याआधी

‘गोल्डफिशच्या हौदाला फिल्टर लागतच नाही, दुकानदारांची लूट थांबवा’ असा सहा कलमी मेसेज फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. तो मामांपर्यंत पोचला आणि त्यांनी पाव किलो तुरटी आणूनही ठेवली, म्हणून हे लिहावं लागतंय. बहुतेक कलमं एकाच गैरसमजावर उभी आहेत: नितळ दिसतं ते पाणी चांगलं. माशांना मारणारी विषं, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट, यांना ना रंग असतो ना गढूळपणा. तळ स्पष्ट दिसणाऱ्या हौदात मासे मरतात आणि हिरव्यागार पाण्यात मजेत राहतात, हे हौद ठेवणाऱ्या कुणालाही विचारा.

पहिलं कलम, ‘दर रविवारी हौद रिकामा करा, ब्लीचिंग पावडरने घासा, नळाचं ताजं पाणी भरा’. सगळ्यात जास्त मासे हेच मारतं. हिशोब करू. १००० लिटरचा हौद, रोज १० ग्रॅम खाद्य, त्यात ३५ टक्के प्रथिनं. यातून रोज साधारण ०.३ ग्रॅम अमोनिया-नत्र (अमोनियातला नायट्रोजन) पाण्यात उतरतं, मुख्यतः कल्ल्यांमधून. सहा दिवसांत ते लिटरमागे १.८ मिलिग्रॅमवर जातं. सिमेंटच्या हौदात पीएच सहज ८.५ असतो. २८ अंशांच्या आसपास त्या पीएचला अमोनियाचा पाचवा-सहावा हिस्सा विषारी रूपात असतो, म्हणजे ०.३ मिलिग्रॅमच्या वर. कल्ल्यांना इजा ०.०५ पासूनच सुरू होते. शेवाळाने थोडा अमोनिया ओढून घेतला असता, पण तेही तुम्ही घासून टाकलंत.

अमोनिया संपवतात ते जिवाणू. एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. १९९८ साली टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी ‘अप्लाइड अँड एन्व्हायर्नमेंटल मायक्रोबायॉलॉजी’ या नियतकालिकात दाखवलं, की गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे दुसरं काम नायट्रोस्पायरा जातीचे जिवाणू करतात आणि ते दिसू लागतात तेव्हाच नायट्राइट उतरायला लागतं. ही वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. ती भिंतींवर, दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजावर चिकटून राहते. दर रविवारी ब्लीचिंग म्हणजे हौदाचा कायम पहिलाच आठवडा.

त्याऐवजी आठवड्याला २० टक्के पाणी तळाशी पाइप लावून गाळासकट काढा. त्याच पाण्यात, बादलीत, स्पंज पिळा, नळाखाली नाही. नळाच्या नव्या पाण्यातलं क्लोरीन जाण्यासाठी ते एक दिवस उघड्यावर ठेवा, किंवा त्या २०० लिटरला २ ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट) टाका.

दुसरं कलम तुरटीचं. अर्धसत्य मान्य करतो: तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रातही तेच करतात. पण तिथे तो साका निवळवून, गाळून बाजूला काढतात आणि त्यात मासे पोहत नसतात. हौदात तोच चिकट साका कल्ल्यांवर बसतो. शिवाय तुरटी पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल झेलून पीएच टिकवायची ताकद, खाते, ग्रॅममागे सुमारे एक तृतीयांश ग्रॅम. पाव किलोचा खडा पूर्ण विरघळला तर १००० लिटरमधली लिटरमागे ८० मिलिग्रॅम क्षारता गेली. देशावरच्या जड बोअरच्या पाण्यात हे कदाचित निभावेल. कोकणातल्या विहिरीच्या मऊ पाण्यात तेवढी क्षारता बहुतेकदा मुळातच नसते. तिथे पीएच धाडकन पडतो, जिवाणूंचं काम थंडावतं आणि तुरटीतलं विरघळलेलं अॅल्युमिनियम कल्ले जाळतं. मामा, तो खडा दाढीसाठी ठेवा.

तिसरं कलम, ‘मोटर दिवसातून दोन तास पुरे’. नाही. जिवाणूंना सतत प्राणवायू लागतो, पंप चोवीस तास चालायला हवा. लोडशेडिंगमध्ये पाच-सहा तास बंद राहिला, तर आधी फिल्टरमधलं सडकं पाणी बाहेर सोडा आणि मगच पंप सुरू करा, नाहीतर ते थेट माशांवर येतं.

आणि फिल्टर म्हणजे दुकानातलाच हवा असं कोण म्हणतंय? १००० लिटरला ६० लिटरचा ड्रम पुरतो. पाणी ड्रमच्या तळाशी सोडा. खालची सहा-आठ इंच जागा गाळासाठी मोकळी ठेवून तिथे एक इंची बॉल व्हॉल्व्ह बसवा. वर प्लास्टिकची जाळी, त्यावर जाड स्पंज, त्यावर कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत भरलेले पक्क्या विटेचे तुकडे किंवा प्लास्टिकच्या घासण्या. येणारा पाइप पाऊण इंची असेल तर परतीचा दीड इंची घ्या. पाणी येतं जोराने, पण परत जातं आपल्या वजनाने. दोन्ही सारखे ठेवले आणि परतीत शेवाळ अडकलं, की ड्रम ओसंडतो आणि सकाळी हौद कोरडा. पंपावर लिहिलेले लिटर शून्य उंचीचे असतात. कमाल उंचीच्या निम्म्यावर चढवलंत तर साधारण निम्मंच पाणी मिळतं. दोन तासांत एकदा सगळा हौद फिरला पाहिजे, त्या हिशोबाने पंप घ्या.

चौथं, हौदात मूठभर मीठ टाकण्याचं कलम निरुपद्रवी आणि निरुपयोगी. नायट्राइट वाढलं असता मीठ खरंच मदत करतं, पण १००० लिटरला किलोभर, दोन दिवसांत विभागून. दर आठवड्याला टाकू नका, मीठ उडून जात नाही.

पाचवं कलम हौदात जलपर्णी सोडण्याचं. ती पाण्यातलं नत्र शोषते, हेही खरं. पण ती महिन्याभरात हौद झाकते आणि उपटलेली नाल्यात जाते. मुळा-मुठेचं काय झालंय ते दिसतंच आहे. कर्दळ किंवा वेखंड खडीत लावा, काम तेच होतं.

सहावं कलम, ‘मासे असले की डास होत नाहीत’, बऱ्यापैकी बरोबर आहे. गोल्डफिश अळ्या खातात. फक्त हौदातल्या. शेजारच्या कुंडीखालच्या ताटलीपर्यंत ते पोचत नाहीत.