मध्यंतरानंतरचा सिनेमा

एखादा चित्रपट आवडला की नाही, हे मी मध्यंतरानंतरच्या तासाभरावर ठरवतो. मी समीक्षक नाही. जमेल तेव्हा सोलापुरातल्या चित्रपटगृहात जाणारा आणि उरलेले चित्रपट घरी पाहणारा साधा प्रेक्षक आहे. विनोदी, रहस्यमय, भुताचा, मारधाडीचा, ऐतिहासिक असा कोणताही प्रकार मला वर्ज्य नाही, पण या सर्वांना लावायची फूटपट्टी मात्र एकच आहे. पूर्वार्धात दिग्दर्शक आपल्याकडून विश्वास उधार घेतो आणि उत्तरार्धात त्याला ती उधारी फेडावी लागते. आपल्याकडच्या गाजलेल्या चित्रपटांपैकी कितीतरी चित्रपट पहिल्या भागात झकास असतात आणि दुसऱ्या भागात तोंड चुकवतात, असे माझे मत होत गेले आहे.

विनोदी चित्रपटांत हे फार लवकर कळते. ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 मध्ये आला आणि आजही दूरचित्रवाणीवर लागला की आमच्या घरात कुणी वाहिनी बदलत नाही. त्याचे मूळ हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या ‘बीवी और मकान’मध्ये आहे, पण वसंत सबनीसांच्या लेखणीने ते इतके मराठी करून टाकले की मुळाची आठवणही होत नाही. पूर्वार्धात सांगितलेली एक थाप उत्तरार्धात वाढत, फुगत जाते आणि शेवटपर्यंत तिला कुणी उपदेशाची टाचणी लावत नाही, हे त्या चित्रपटाचे खरे यश आहे. अलीकडच्या विनोदी चित्रपटांना मध्यंतरानंतर अचानक शहाणपण सुचते. कुणीतरी आजारी पडते, कुणाला तरी वडिलांची किंमत कळते, मागे सारंगी वाजू लागते आणि तासाभरापूर्वी खदखदून हसलेला प्रेक्षक चुळबुळ करू लागतो.

रहस्यपटाचे गणित नेमके उलटे असते. ‘दृश्यम’ मूळ मल्याळममध्ये 2013 साली आला. मी पाहिला तो 2015 चा, निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी अवतार. त्याचा पहिला भाग संथ आहे, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आणि ती मला मुळीच पटत नाही. गोव्यातला केबलचा व्यवसाय करणारा, चौथी नापास विजय साळगावकर, त्याचा काटकसरी संसार आणि रात्री कार्यालयात बसून चित्रपट पाहण्याची त्याची सवय, हे सारे निवांतपणे दाखवले म्हणूनच पुढे बसचा वाहक, हॉटेलवाला आणि चित्रपटगृहातला यंत्रचालक यांच्या साक्षी पोलिसांना खऱ्या वाटतात आणि आपल्यालाही हादरवतात. शिवाय, नुसते चित्रपट पाहून शहाणा झालेला माणूस नायक म्हणून पाहताना माझ्यासारख्या प्रेक्षकाची छाती जरा फुगते, हेही नाकारण्यात अर्थ नाही. ‘अंधाधुन’चा उत्तरार्ध मला पसरट वाटला; केवळ शेवटच्या दृश्याने त्याला वाचवले.

भयपटात भूत दिसेपर्यंतच भीती असते. ‘मुंज्या’ला मी मोठ्या अपेक्षेने गेलो होतो, कारण मुंज होऊन थोड्याच दिवसांत गेलेल्या मुलाचे पिंपळावरचे भूत ही आपल्या आजी-आजोबांनी सांगितलेली गोष्ट आहे आणि तिच्यावर इतका गाजलेला हिंदी चित्रपट निघावा याचे कौतुक होते. मध्यंतरापर्यंत मजा आली, पण पुढे संगणकाने घडवलेले ते भूत इतके जवळून आणि इतक्या वेळा दिसते की त्याची सवय होऊन जाते. ‘तुंबाड’ मात्र वेगळाच आहे. 1918, 1933 आणि 1947 अशा तीन काळांत तो विभागलेला असल्याने मध्यंतराला त्याचे दोन तुकडे करता येत नाहीत आणि त्यातली खरी भीती हस्तर या राक्षसापेक्षा हाव सुटलेल्या माणसांची आहे. 2018 मध्ये तो फारसा चालला नाही आणि 2024 मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली, ही गोष्ट प्रेक्षकांच्या बाजूने बोलणारी आहे.

तेलुगू मारधाडपटांबद्दल सोलापूरकराने लिहिताना जरा सांभाळून लिहावे लागते, कारण आपल्या शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागात हे चित्रपट डब होऊन येण्याची वाट कुणी पाहत नाही. मला तेलुगू येत नाही. तरीही ‘आरआरआर’ मी तेलुगूतच पाहिला आणि शिट्ट्यांवरून कोणत्या वाक्याला दाद द्यायची ते समजून घेतले. ट्रकमधून वाघ-बिबटे घेऊन नायक भीम इंग्रज राज्यपालांच्या बंगल्यात घुसतो आणि तिथेच मध्यंतर होते, हा माझ्या पाहण्यातला सर्वांत दणदणीत मध्यंतर आहे. 2023 मध्ये ऑस्कर मिळवणारे ‘नाटू नाटू’ हे गाणेही त्याआधीच होऊन गेलेले असते. म्हणजे दिग्दर्शकाने हातातले दोन्ही हुकमी पत्ते पूर्वार्धातच टाकले आणि पुढचा भाग त्या मानाने ओढत न्यावा लागला, असे माझे मत आहे. पूर्व भागातल्या माझ्या एका मित्राला ते अजिबात मान्य नाही आणि त्यावरून आमचे बऱ्यापैकी भांडण झालेले आहे. ‘बाहुबली’ने तर मध्यंतरच दोन वर्षांचा घेतला, 2015 मध्ये पडलेल्या प्रश्नाचे उत्तर 2017 मध्ये मिळाले आणि ते उत्तर प्रश्नाइतके वजनदार नव्हते.

आता ‘सैराट’. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे आणि रिंकू राजगुरू अकलूजची, त्यामुळे 2016 मध्ये हा चित्रपट आपल्या जिल्ह्यात घरचे कार्य असल्यासारखा पाहिला गेला. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट. पण त्या वेळी माझ्या ओळखीतले काहीजण तो दुसऱ्यांदा पाहायला गेले ते अजय-अतुलच्या गाण्यांसाठी, आणि मध्यंतरात उठून घरी आले. दुसरा भाग रटाळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते ‘सैराट’ हा त्या दुसऱ्या भागासाठीच काढलेला चित्रपट आहे. पूर्वार्धात विहीर, ऊस, बुलेट आणि गाणी आहेत, म्हणजे प्रेमपटाकडून अपेक्षित असलेले सगळे आहे. उत्तरार्धात हैदराबादची झोपडपट्टी, सार्वजनिक शौचालय, भाषा न कळणारी मुलगी आणि तिचा चिडका, संशयी होत जाणारा नवरा आहे. पळून गेल्यावर भाजी कोण आणणार, हा प्रश्न आपल्या प्रेमपटांनी क्वचितच विचारला होता. हैदराबाद हे सोलापूरकराला परके गाव नाही. रेल्वेत बसले की काही तासांत पोहोचता येते, निम्म्या शहराचे नातेवाईक तिथे आहेत. इतक्या जवळच्या गावात ती दोघे किती एकटी पडतात, हे पाहताना मला फार अस्वस्थ वाटले. शेवटी संगीत पूर्णपणे थांबते आणि ज्या चित्रपटगृहात तासाभरापूर्वी लोक खुर्च्यांवर उभे राहून नाचले होते, तिथे कुणालाही काय बोलावे ते सुचत नव्हते. 2018 च्या ‘धडक’ने हीच गोष्ट उदयपूरला नेली, जातीचा मुद्दा बोथट केला आणि उरली ती केवळ सुंदर चेहऱ्यांची पळापळ.

ऐतिहासिक चित्रपटांची अडचण अशी की शेवट प्रत्येकाला ठाऊक असतो. ‘छावा’ 2025 च्या फेब्रुवारीत आला तेव्हा तिकीट मिळणे कठीण झाले होते. त्यातल्या पूर्वार्धातल्या लढाया मला एकसारख्या वाटल्या आणि येसूबाईंच्या वाट्याला आलेली दृश्ये अपुरी वाटली. शेवटचा अर्धा तास मात्र पाहवत नाही इतका परिणामकारक आहे, यात शंका नाही. माझी तक्रार त्या एका चित्रपटाविषयी नसून एकूण प्रकाराविषयी आहे. 1689 मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, तिथे आपले चित्रपट पडदा पाडतात. इतिहासात तिथे फक्त मध्यंतर झाले होते. त्यानंतर राजाराम महाराज जिंजीला गेले, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगलांना सळो की पळो करून सोडले, पुढे ताराबाईंनी लढा चालवला आणि औरंगजेब 1707 मध्ये दख्खनमध्येच मेला. या काळात काही वर्षे त्याची छावणी मंगळवेढा तालुक्यात भीमेच्या काठी, ब्रह्मपुरीला होती. शेजारच्या माचणूरला सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाणारे आपण तिथला किल्लाही पाहून येतो, परंतु जगातल्या सर्वांत श्रीमंत बादशहांपैकी एक या नदीकाठी हताश होऊन बसला होता, या कथेकडे चित्रपटवाले फारसे वळत नाहीत. बहुधा तिच्यात एकच नायक नाही, ही त्यांची अडचण असावी.

चरित्रपटांविषयी थोडक्यात सांगतो. व्ही. शांताराम यांचा 1946 चा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ सोलापूरच्या प्रत्येक माणसाने एकदा पाहावा, आणि तोही भैय्या चौकातले स्मारक पाहून आल्यावर. 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1942 मध्ये वयाच्या 32 व्या वर्षी तिथेच वारले, आणि अवघ्या चार वर्षांत हा चित्रपट पडद्यावर आला. त्यांच्या आयुष्यालाच उत्तरार्ध मिळाला नाही, त्यामुळे माझी फूटपट्टी इथे गैरलागू आहे.

इंग्रजी चित्रपटांत मध्यंतर नसतोच. तो आपली चित्रपटगृहे मनाला येईल तिथे घालतात. एखाद्या पात्राचे वाक्य अर्धे राहते, दिवे लागतात आणि पडद्यावर प्लायवूडची जाहिरात सुरू होते. ‘ओपेनहायमर’च्या वेळी अणुचाचणीचा स्फोट होऊन गेल्यावर माझ्या रांगेतले काही प्रेक्षक, आता काय राहिले, असे म्हणत निघून गेले. चित्रपट तीन तासांचा आहे आणि स्फोटानंतर जवळजवळ तासभर तो बंद खोल्यांतल्या चौकशांमध्येच फिरतो, त्यामुळे त्यांचा कंटाळा मी समजू शकतो. पण बॉम्ब बनवणाऱ्या माणसाला पुढे त्याच्याच सरकारने कसे वागवले, हे त्याच तासात कळते. मला स्फोटापेक्षा तो तास अधिक आवडला.