टर्नबुल त्या दिवशी मैदानावर नव्हता : एका प्रतिक्रियेला उत्तर

मँचेस्टर युनायटेडचा जुना फुटबॉलपटू सँडी टर्नबुल याच्यावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकानं लिहिलंय : ‘1909 चा कप फायनल वेम्बलीवर झालाच नव्हता. आणि ज्यानं मैदानात उतरून सामना विकला, त्याची आरती कसली ओवाळता? फुटबॉल कळत नसेल तर लिहू नये.’

वेम्बलीची चूक माझीच. एफए कपचा तो सामना लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर झाला; वेम्बली उघडलं 1923 मध्ये. दुरुस्ती केली आहे, आभार.

शेवटच्या वाक्याचा सूर मात्र मी ऐकून घेणार नाही. इतकी वर्षं त्या काळचे मोसम एकेक सामना करून तपासतोय. मला ‘कळत नाही’ म्हणण्याआधी त्या दिवशीचे अकरा जण कोण होते एवढं तरी बघायचं होतंत.

विकला गेला तो सामना 1909 च्या फायनलचा नव्हे, हा : 2 एप्रिल 1915, गुड फ्रायडे, युनायटेडचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड. मँचेस्टर युनायटेड 2, लिव्हरपूल 0. दोन्ही गोल जॉर्ज अँडरसनचे. टर्नबुल संघातच नव्हता! पुढे युनायटेडचे तिघं दोषी ठरले, त्यातला खेळला तो एकटा एनॉक वेस्ट. दोषी ठरलेले बाकीचे चौघं लिव्हरपूलचे.

सट्टा नुसत्या युनायटेडच्या विजयावर नव्हता, नेमक्या 2-0 वर होता, भाव एकास सात. म्हणजे दुसरा गोल झाला की दोन्हीकडच्यांनी हात आखडायचे, आणि हे काम चेंडू पायात असणाऱ्यांचं. लिव्हरपूलच्या फ्रेड पॅगनमचा फटका क्रॉसबारवर आदळला तेव्हा त्याचेच सोबती त्याच्यावर भडकले. एकाच स्कोअरवर एवढा पैसा आलेला पाहून बुकींनी पैसे अडवले आणि प्रकरण फुटलं. टर्नबुल कटात नव्हता असं मी कुठेही म्हटलेलं नाही. डिसेंबर 1915 मध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली, हे लेखात आहे. पण कटात असणं वेगळं आणि ‘मैदानात उतरून’ सामना विकणं वेगळं. आरोप करायचा तर तो नेमका करा.

पैशाचंही बघा. 1901 पासून खेळाडूंचा कमाल पगार आठवड्याला 4 पौंड. 1907-08 मध्ये लीगमध्ये 25 गोल मारून टर्नबुलनं युनायटेडला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं, तरी कायदेशीर मर्यादा तीच. त्याआधी मँचेस्टर सिटीत असताना या मर्यादेपेक्षा जास्त पैसे घेतल्याबद्दल 17 खेळाडूंवर 1906 अखेरपर्यंत बंदी आली, त्यातही तो होता. ती उठली आणि दुसऱ्याच दिवशी, 1 जानेवारी 1907 ला, युनायटेडकडून अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध सामन्यातला एकमेव गोल त्याचा.

बाकी आरतीबिरतीबद्दल मला काही बोलायचं नाही. 1909 च्या फायनलचा एकमेव गोल त्याचा, ओल्ड ट्रॅफर्डवरचा पहिला गोलही त्याचाच. हे लिहायला तुमची परवानगी लागत नाही.

3 मे 1917 ला, पहिल्या महायुद्धात, अरासच्या लढाईत तो मारला गेला. बंदी उठली 1919 मध्ये.