कृष्णाचे पद आणि कंपनीचा हक्क

आमच्या फोंडा तालुक्यातील गावात जत्रेच्या रात्री पालखी देवळात परतली की मराठी नाटक उभे राहते, आणि ते उभे राहीपर्यंत मध्यरात्र उलटून गेलेली असते. पूर्वी मुंबईत किंवा आखातात नोकरीला असलेली गावकरी मंडळी जत्रा चुकली म्हणून हळहळत आणि विषय तिथेच संपे. आता त्यांना नाटक मोबाईलवर आणि तेही नांदीपासून हवे असते. निवृत्त शिक्षकाला नाहीतरी रात्री झोप येत नाही, असा देवस्थान समितीचा ठाम समज असल्यामुळे थेट प्रक्षेपणाचे काम माझ्या गळ्यात पडले आहे.

कामाच्या किरकोळ यातनांविषयी फार लिहीत नाही. साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून माझ्या मोबाईलपर्यंत येणारी वायर खाज्यांच्या पुड्या घेऊन पुढच्या रांगेत घुसणाऱ्या पोरांच्या पायांत येते, पायपेटीसमोरच माईक ठेवल्यामुळे नायिकेपेक्षा पेटीचा भाताच अधिक ऐकू येतो, आणि दुबईहून कोणीतरी दर पाच मिनिटांनी ‘कॅमेरा जरा डावीकडे घ्या, आमची आई बसली आहे’ असे लिहून कळवतो. हे सारे अंगवळणी पडले होते. यंदा मात्र वेगळेच घडले.

यंदा ‘सौभद्र’ होते. दिवसा सुपारीची बाग, म्हणजे कुळागर, सांभाळणारे आमचे कृष्ण तिशीपासून साठीपर्यंत कृष्णच राहिलेले असून, त्यांच्या पदाला ‘वन्स मोअर’ मिळाला नाही तर गावात ती अशुभाची खूण समजली जाते. त्यांनी आलाप घेतला, पद उचलले, माटवातली बायामाणसे सावरून बसली, आणि माझ्या मोबाईलच्या पडद्यावर कृष्णाच्या जागी एक करडी चौकट अवतरली. हे गायन मुंबईच्या एका ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीच्या मुद्रणाशी जुळत असल्यामुळे प्रक्षेपण थांबवण्यात येत आहे, असे त्या चौकटीत नम्रपणे लिहिले होते. समोर प्रत्यक्षातला कृष्ण ‘वन्स मोअर’ घेत होता आणि मोबाईलवर मुंबई, पुणे, दुबई एका सुरात विचारत होती, ‘मास्तर, आवाज खंय गेलो?’

दुसऱ्या दिवशी भाच्याने मला या यंत्रणेचे मर्म समजावले. कोणतेही गाणे चढवले की त्याच्या कंपनसंख्यांचा एक नकाशा तयार होतो, त्यातले ठळक बिंदू टिपून आवाजाचा ठसा काढला जातो आणि मालकांनी आधीच जमा केलेल्या ठशांशी तो ताडून पाहिला जातो. नुसती चाल जुळली तरी ती यंत्राला ओळखता येते. कायदा मीही उघडून पाहिला. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ‘सौभद्र’ १८८२ सालचे आणि त्याचे नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर वारले १८८५ साली, म्हणजे त्यांचे शब्द गोव्यात पोर्तुगीज असतानाच सर्वांचे होऊन गेले होते. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र वेगळा असतो आणि तो प्रकाशनापासून ६० वर्षे चालतो. यंत्राला कृष्ण हा त्या मुद्रणाची चोरटी प्रत वाटला होता.

खरी मेख इथेच आहे. आमच्या जत्रेतल्या गायकाची परीक्षाच मुळी तो मुद्रणातल्या मूळ गायकाच्या, म्हणजे बुवांच्या, किती जवळ जातो यावर होते. पोर्तुगीज काळातले रेडिओ केंद्र ‘एमिसोरा द गोवा’ जाऊन आकाशवाणी पणजी आली, त्या काळापासून रेडिओला कान लावून बसलेल्या पिढ्यांनी ध्वनिमुद्रिकेतली प्रत्येक हरकत, प्रत्येक ताण, एवढेच काय पण बुवांनी कुठे श्वास घेतला तेही जसेच्या तसे गळ्यात उतरवले. कृष्णाच्या वडिलांनी ते पद असेच उचलले होते आणि त्यांच्याकडून कृष्णाने. ज्या यंत्राने नक्कल शिकवली, त्याच्याच नातवाने आता नकलेवर पहारा बसवला आहे. यात न्याय असेलही, पण थोडा आगाऊपणा नक्कीच आहे.

समितीची बैठक झाली. कृष्णाने पुढच्या वेळी ते पद किंचित बेसूर म्हणावे, म्हणजे यंत्र फसेल, असा तोडगा अध्यक्षांनी गंभीरपणे मांडला. त्यावर तबलजी म्हणाला, ‘अध्यक्षबाब, बेसूर गाणाऱ्याची आपल्याकडे आधीच सोय आहे.’ सगळ्यांच्या नजरा नारदाकडे वळल्या. नारदाची पदे त्या रात्री एकाही हरकतीविना दुबईपर्यंत पोहोचली होती. त्यांच्यावर जगातल्या कोणत्याही कंपनीने हक्क सांगितला नव्हता. नारद त्या बैठकीतून चहा न घेता उठून गेला.

मी रीतसर आक्षेप नोंदवला. हा आवाज आमच्या गावच्या गायकाचा आहे, तो प्रत्यक्ष देवळासमोर गायला आहे, असे जेवढ्या शुद्ध भाषेत लिहिता येते तेवढे लिहिले. उत्तराची वाट पाहत असताना एका संध्याकाळी स्वतः कृष्ण घरी आले. हातात त्या नोटिशीची छापील प्रत होती आणि तिला काचेची चौकट बसवलेली होती.

‘मास्तर, तो अर्ज मागे घ्या,’ ते म्हणाले.

‘का हो? आपण जिंकू की.’

‘जिंकू, म्हणूनच सांगतो. जिंकलो तर काय ठरेल? की तो आवाज बुवांचा नव्हे, माझाच आहे. तीस वर्षांत एवढे कौतुक मला कोणी केले नव्हते हो, तेही लेखी!’

मी अर्ज मागे घेतला. नारद मात्र अजून रोज येतो आणि त्या कंपनीला आपले पद पुन्हा एकदा नीट ऐकायला लावण्यासाठी कोणत्या पत्त्यावर लिहावे, हे विचारतो.