कल्हई म्हणजे मुलामा नव्हे

‘कल्हई म्हणजे चांदीचा मुलामा’ असा मजकूर सध्या फिरतोय. ते चूक आहे. कल्हई कथलाची (टिनची) असते, फक्त दिसते चांदीसारखी. मुलामा सोन्याचांदीचा, शोभेसाठी. कल्हई मात्र पितळ-तांब्याच्या भांड्यात आंबट कळकू नये, म्हणजे धातूला लागून बिघडू नये म्हणून.

भांडं आधी खरवडून घासतात, तापवतात, नवसागर (अमोनियम क्लोराइडची पूड) भुरभुरतात. पांढरा धूर निघतो, पृष्ठभाग साफ होतो. मग कथील टेकवायचं आणि वितळताच कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचं. नवसागर कमी पडला की कथील धरत नाही, गोळे होतात.

मुंबईच्या तांबाकाट्याच्या भांडीबाजारातून कल्हईचं पितळी पातेलं आणलंत, तर ते रिकामं गॅसवर ठेवू नका. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं. आतून तांबूस-पिवळं दिसलं की पुन्हा कल्हई करा, तोवर त्यात आमटी-सोलकढी नको.